एकाच दिवशी दोन सण: योग आधी कसा ओळखावा आणि दिवसाची आखणी कशी करावी

२०२२ ते २०२५ या सलग चार वर्षांत आषाढी एकादशी एकटी आली नाही. २०२२ साली १० जुलैला आणि २०२३ साली २९ जूनला तिच्या जोडीने बकरी ईद होती. २०२४ साली १७ जुलैला आणि २०२५ साली ६ जुलैला मोहरमचा दहावा दिवस होता. असे योग जवळ आले की अनेक गावांत ऐनवेळी बैठका बोलावल्या जातात, मिरवणुकीचे मार्ग घाईने बदलले जातात आणि ज्यांचा कोणाशीही वाद नाही अशी माणसेही धास्तावतात. वास्तविक हे चारही योग पंचांग आणि हिजरी दिनदर्शिका शेजारी ठेवून पाहणाऱ्याला कितीतरी आधी दिसले असते. सार्वजनिक मंडळाचे कार्यवाह, गृहनिर्माण संस्थेचे सचिव, शाळेचे वार्षिक नियोजन करणारे शिक्षक आणि दुकानांतील वा कारखान्यांतील सुट्ट्यांची यादी करणारे व्यवस्थापक यांना हे काम स्वतः करता यावे, यासाठी ही पद्धत सविस्तर मांडली आहे.

आधी प्रत्येक दिवसाची कालगणना लिहून काढावी

नव्या वर्षाची दिनदर्शिका हाती आली की आपल्या गावात, इमारतीत किंवा शाळेत प्रत्यक्ष पाळल्या जाणाऱ्या सर्व दिवसांची यादी करावी आणि प्रत्येकासमोर तो कोणत्या कालगणनेने ठरतो ते लिहावे. दोन दिवस एकत्र येतात ते कायमचे, काही वर्षांपुरते की केवळ एका वर्षापुरते, हे त्यावरूनच कळते आणि तयारीला किती अवधी मिळणार आहे तेही समजते.

इंग्रजी तारखेने ठरणारे दिवस सर्वांत सोपे आहेत. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाल्यापासून महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन दरवर्षी एकत्रच येतात. १२ जानेवारीला राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद यांची जयंती असते, तर २ ऑक्टोबरला महात्मा गांधी आणि लालबहादूर शास्त्री यांची. हे योग कायमचे असल्यामुळे त्यांची व्यवस्था एकदा नीट बसवली की पुढे तीच चालवता येते. पंचांगाच्या तिथीने येणारे सण इंग्रजी तारखांवरून मागेपुढे सरकत राहतात. मकर संक्रांत मात्र सूर्याच्या संक्रमणावर ठरत असल्याने सध्या १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणून मुस्लिम सण दरवर्षी इंग्रजी तारखेने दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. पारशी शहेनशाही वर्ष नेमके ३६५ दिवसांचे असते आणि त्यात लीप दिवस धरत नाहीत. त्यामुळे ते नववर्ष चार वर्षांतून एक दिवस मागे सरकते. २०२३ पर्यंत १६ ऑगस्टला येणारे हे नववर्ष २०२४ पासून १५ ऑगस्टला येऊ लागले आहे. ईस्टर हा २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार आणि गुड फ्रायडे त्याच्या आधीचा शुक्रवार. पौर्णिमेशी असलेल्या या नात्यामुळेच गुड फ्रायडे पुष्कळदा हनुमान जयंतीच्या आगेमागे येतो. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला आणि गुड फ्रायडे ७ एप्रिलला होता.

काही दिवस दोन गणनांनी पाळले जातात आणि यादी करताना नेमके तेच निसटतात. शिवजयंती शासकीय पातळीवर १९ फेब्रुवारीला होते, परंतु अनेक मंडळे ती फाल्गुन वद्य तृतीयेला साजरी करतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतली, त्या दिवशी विजयादशमी होती. त्यामुळे दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन विजयादशमीला साजरा होतो, तर काही ठिकाणी १४ ऑक्टोबरलाही कार्यक्रम होतात. अशा दिवसांच्या दोन्ही नोंदी यादीत ठेवाव्यात. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आला तेव्हा गांधी जयंती, शास्त्री जयंती, दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन असे चार प्रसंग एका तारखेवर जमले होते. ज्यांच्या यादीत धम्मचक्र प्रवर्तन दिनासमोर फक्त १४ ऑक्टोबर लिहिले होते, त्यांच्या हिशेबातून त्या दिवशीची सर्वांत मोठी गर्दी सुटली असणार.

एकादशी आणि दहा तारीख

पंचांगातील आणि हिजरी सणांचे योग हा या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण महाराष्ट्रात गर्दीचे, मिरवणुकांचे आणि पोलीस बंदोबस्ताचे प्रश्न मुख्यतः त्यांतूनच उभे राहतात. हे योग ओळखण्याची किल्ली मात्र सोपी आहे. आपला महिना अमावास्येनंतर शुद्ध प्रतिपदेपासून सुरू होतो, तर हिजरी महिना अमावास्येनंतर चंद्राची पहिली कोर दिसल्यावर सुरू होतो. त्यामुळे हिजरी तारखेचा आकडा शुद्ध पक्षातील तिथीच्या आकड्यापेक्षा साधारणपणे एकाने, क्वचित दोनाने मागे असतो. हिजरी १ तारीख शुद्ध द्वितीयेच्या किंवा तृतीयेच्या दिवशी येते, १० तारीख एकादशीच्या सुमारास आणि १२ तारीख त्रयोदशी-चतुर्दशीच्या सुमारास येते.

आता मुख्य सण या चौकटीत ठेवून पाहावेत. रमजान ईद शव्वाल महिन्याच्या १ तारखेला असते, म्हणून ती तृतीयेच्या सणाला भेटू शकते. २०२१ साली १४ मे, २०२२ साली ३ मे आणि २०२३ साली २२ एप्रिल या तिन्ही दिवशी अक्षय्य तृतीया आणि रमजान ईद एकत्र होत्या. बकरी ईद जिल्हेजच्या १० तारखेला आणि आशुरा मोहरमच्या १० तारखेला येतो, म्हणून दोघांचीही गाठ एकादशीशी पडते. ईद-ए-मिलाद रबिउल अव्वलच्या १२ तारखेला असते, म्हणून ती अनंत चतुर्दशीला भिडते. २०२३ मध्ये दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या, २०२४ मध्ये त्या १६ आणि १७ सप्टेंबरला, तर २०२५ मध्ये ५ आणि ६ सप्टेंबरला अशा लागोपाठ आल्या.

ही जुळणी दोन-तीन वर्षे टिकते आणि मग एकदम तुटते. त्याचे कारण अधिक मास. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे पंचांगात सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखला जातो. हिजरी गणनेत अधिक महिना नाही. म्हणून प्रत्येक अधिक मासानंतर आपल्या महिन्याचा जोडीदार हिजरी महिना एका घराने पुढे जातो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तो आषाढी एकादशीनंतर. त्यामुळे तोपर्यंत जिल्हेजशी जुळणारा आषाढ २०२४ पासून मोहरमशी जुळला आणि एकादशीच्या जोडीला बकरी ईदऐवजी आशुरा आला. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ असल्याने आषाढ सफर महिन्याशी जुळतो, म्हणून २५ जुलै २०२६ च्या आषाढी एकादशीला यांपैकी कोणताही योग नाही. त्याच कारणाने ईद-ए-मिलाद भाद्रपदातून श्रावणात येते आणि पुढील काही वर्षे तिचा शेजार नारळी पौर्णिमेशी असतो. एक जोडी तुटली की तीच पुन्हा जुळण्यास साधारण तीस वर्षे लागतात. म्हणूनच मागच्या खेपेचे अनुभव नव्या पिढीच्या कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचत नाहीत आणि प्रत्येक वेळी सारे नव्याने शोधावे लागते. मंडळाच्या इतिवृत्तात या योगांची नोंद ठेवण्याचा आग्रह मी धरतो तो याचसाठी.

प्रत्यक्ष काम असे करावे. एका कागदावर चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे महिने उभे लिहावेत, प्रत्येकासमोर त्या वर्षीचा हिजरी महिना लिहावा आणि अधिक मास जिथे येतो तिथे रेघ मारून त्याच्या खालची सर्व जुळणी एका घराने सरकवावी. अधिक महिन्यांची यादी हाती असली की हा कागद पुढील पाच वर्षांसाठीसुद्धा करता येतो. एक दिवसाचा फरक चंद्रदर्शनावर अवलंबून असतो, म्हणून नोंद नेहमी दोन तारखांची करावी. चंद्रदर्शनाची बातमी कधी मिळते हेही सणागणिक वेगळे आहे. रमजान ईद महिन्याच्या पहिल्याच दिवशी असल्याने ती निश्चित होते आदल्या संध्याकाळी. बकरी ईद आणि आशुरा यांची तारीख नऊ-दहा दिवस आधी आणि ईद-ए-मिलादची अकरा-बारा दिवस आधी पक्की होते. रमजान ईदेच्या योगासाठी दोन पर्यायी आखण्या पूर्णपणे तयार ठेवाव्या लागतात. इतर सणांसाठी एक आखणी आणि तिच्यात एक दिवस सरकवण्याची सोय पुरते.

पंचांगातलेच दोन प्रसंग एका दिवशी आले तर

तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतरात बारा अंशांची वाढ होण्याचा काळ. हा काळ साधारण १९ ते २६ तासांचा असतो आणि तो सूर्योदयाला सुरू होऊन सूर्योदयाला संपेल असे नाही. त्यातच प्रत्येक सणाला तिथी कोणत्या वेळी हवी याचे शास्त्र वेगळे आहे: गणेश चतुर्थीला आणि रामनवमीला मध्यान्ही, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळी, महाशिवरात्रीला आणि जन्माष्टमीला मध्यरात्री, तर पुष्कळ व्रतांना सूर्योदयाला. त्यामुळे लागोपाठच्या दोन तिथींचे सण एका दिवशी येणे ही पंचांगकर्त्यांची चूक नसून त्या नियमांचे सरळ फळ आहे.

नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. २०२१ साली ४ नोव्हेंबरला, २०२२ साली २४ ऑक्टोबरला आणि २०२३ साली १२ नोव्हेंबरला दोन्ही एकाच दिवशी होते. पहाटे चतुर्दशी असते म्हणून अभ्यंगस्नान पहाटे करावे आणि सायंकाळी अमावास्या लागलेली असते म्हणून लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी करावे. दोहोंत विरोध काहीच नाही. अडचण येते ती घरातल्या कामांची. एरवी दोन दिवसांत विभागली जाणारी खरेदी, फराळाची ताटे, दुकानातील वहीपूजन आणि पाहुणे हे सारे एका दिवसात येते, म्हणून झेंडू, केळीचे खांब, लाह्या-बत्तासे आणि पूजेचे इतर साहित्य धनत्रयोदशीलाच आणून ठेवावे आणि दुकानात पूजा असेल तर घरच्या पूजेची वेळ त्यानंतरची, परंतु पंचांगात दिलेल्या मुहूर्तातली ठेवावी.

व्रत आणि पक्वान्न एकाच दिवशी आले तर प्रश्न अधिक नाजूक होतो. १४ जानेवारी २०२६ ला मकर संक्रांत आणि षट्तिला एकादशी एकत्र आल्या तेव्हा गुळपोळीचे काय करायचे हा प्रश्न घरोघरी निघाला. अशा वेळी दान, स्नान आणि सुगडांची पूजा संक्रांतीच्या पुण्यकाळात करावी, ज्यांचा उपवास नाही त्यांना पोळी वाढावी आणि उपवास असणाऱ्यांनी ती दुसऱ्या दिवशी पारण्याला घ्यावी. उपवासाला तीळ चालतात की नाही, याविषयी घराघरांतील रीत निराळी आहे. ती घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावी आणि दुसऱ्याच्या घरच्या रीतीवर मत देऊ नये. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येत असल्याने ते त्या दिवशी उरकण्याची गरजच नसते.

परदेशातील मराठी कुटुंबांनी भारतातील दिनदर्शिकेची तारीख जशीच्या तशी घेऊ नये. तिथी साऱ्या जगात एकाच क्षणी बदलते, पण सूर्योदय आणि प्रदोषकाळ स्थानिक असतात. त्यामुळे अमेरिकेत एखादा सण भारतापेक्षा एक दिवस आधी येऊ शकतो आणि भारतात एकत्र आलेले दोन प्रसंग तेथे वेगळे होऊ शकतात. राहत्या शहरासाठी काढलेले पंचांगच पाहावे.

जयंती आणि पुण्यतिथी एकत्र असेल तेव्हा

शाळांच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर दिवस १ ऑगस्ट आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि त्याच दिवशी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे अण्णाभाऊ साठे यांचा जन्म झाला. एक पुण्यतिथी आणि एक जयंती, तीही एकाच वर्षाच्या एकाच तारखेची. या कार्यक्रमात एक थोर पुरुष पाऊण तास व्यापतो आणि दुसऱ्याचे नाव आभारप्रदर्शनाच्या आधी घाईने घेतले जाते, असे होता कामा नये. हे टाळण्यासाठी दोन प्रतिमा सारख्या उंचीवर आणि सारख्या आकाराच्या ठेवाव्यात, दोघांसाठी वेगवेगळे वक्ते नेमावेत आणि वेळ आधीच समान वाटून ती निमंत्रणपत्रिकेत छापावी. आरंभ पुण्यतिथीच्या आदरांजलीने करावा आणि त्यानंतर जयंतीचा भाग पोवाडा, लोकगीत किंवा कथावाचन यांनी रंगवावा. दोन्ही भाग जोडणारा धागा शोधला तर कार्यक्रम उसना वाटत नाही. १९०८ साली टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्याच गिरणगावात पुढे अण्णाभाऊंनी काम केले, कामगार चळवळीत उडी घेतली आणि अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकातून शाहिरी गाजवली. आठवी-नववीच्या मुलांना हा धागा दाखवला की त्यांना दोन्ही माणसे आणि एक शहर एकत्र समजते.

२६ नोव्हेंबरचे स्वरूप निराळे आहे. १९४९ साली त्या दिवशी संविधान स्वीकारले गेले आणि २००८ साली त्याच तारखेच्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. सकाळच्या परिपाठात उद्देशिकेचे सामूहिक वाचन आणि सायंकाळी हुतात्म्यांना व मृतांना श्रद्धांजली अशी विभागणी वेळेच्या दृष्टीने उचित ठरते. दोन्ही एकाच सभेत घ्यायचे असल्यास आधी मौन पाळावे आणि नंतर वाचन करावे, म्हणजे मौनानंतर लगेच टाळ्या वाजण्याचा प्रसंग येत नाही.

शुभेच्छाफलक लिहिताना हीच जाण ठेवावी. आशुरा हा करबला येथील इमाम हुसेन यांच्या बलिदानाचे स्मरण करण्याचा दिवस आहे आणि गुड फ्रायडे हा येशूच्या मृत्यूचा दिवस आहे. या दिवशी ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहू नयेत. आषाढी एकादशी आणि आशुरा एकत्र आल्यावर एकाच फलकावर दोहोंचा उल्लेख करायचा असेल, तर एकादशीनिमित्त वंदन आणि इमाम हुसेन यांच्या स्मृतीस अभिवादन अशी वेगळी वाक्ये लिहावीत.

दिवसाची आखणी: वेळ, रस्ता आणि आवाज

योग ओळखल्यानंतर प्रत्येक प्रसंगाचे दोन भाग करावेत: जे हलवता येत नाही ते आणि जे हलवता येते ते. हा भेद त्या त्या समाजातील जाणत्या माणसांनीच सांगावा. दुसऱ्यांनी तो गृहीत धरू नये. बकरी ईदेची नमाज त्याच सकाळी होते, पण कुर्बानी १०, ११ आणि १२ जिल्हेज अशी तीन दिवस करता येते. याच सवलतीचा उपयोग करून २०२३ मध्ये पंढरपूरसह राज्यातल्या अनेक गावांतील मुस्लिम समाजाने एकादशीच्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले. हा निर्णय त्यांनी आपणहून घेतला, म्हणून त्याचे मोल मोठे आहे. अशी गोष्ट मागून घेऊ नये आणि मिळाल्यावर आभार मानण्यास विसरू नये. अनंत चतुर्दशीचे विसर्जन तिथीला बांधलेले आहे, तर ईद-ए-मिलादचा जुलूस, म्हणजे मिरवणूक, हा त्या दिवसाचा सार्वजनिक आविष्कार आहे. २०२३ मध्ये मुंबईत अखिल भारतीय खिलाफत समितीने जुलूस २९ सप्टेंबरला काढला आणि राज्य सरकारने त्या दिवशी सुट्टी दिली. २०२४ मध्ये मुंबई शहर व उपनगरांसाठी ईदेची सुट्टी १६ ऐवजी १८ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये ५ ऐवजी ८ सप्टेंबरला देण्यात आली.

मग एका मोठ्या कागदावर चोवीस तासांची आडवी पट्टी आखावी आणि प्रत्येक प्रसंगाचा न हलणारा भाग तीवर गडद रंगाने दाखवावा. १७ सप्टेंबर २०२४ ला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन आणि अनंत चतुर्दशी एकत्र होते. ध्वजारोहण सकाळी आणि विसर्जन त्यानंतर, म्हणजे पट्टीवर दोन्ही आपोआप वेगळे दिसतात आणि केवळ बंदोबस्तावरील पोलिसांच्या विश्रांतीचा व वाहतुकीचा विचार उरतो. आषाढीला गावातील दिंडी सकाळी आणि ताबुतांची मिरवणूक दुपारनंतर असेल तरीही हीच गोष्ट दिसेल. पट्टीवर दोन गडद भाग एकमेकांवर आले तरच रस्त्याचा विचार करावा. गावाचा नकाशा घेऊन दोन्ही मार्ग काढावेत, ते छेदतात ती ठिकाणे शोधावीत आणि प्रत्येक छेदबिंदूवर कोण आधी जाईल व मागून येणारी मिरवणूक कोठे थांबेल हे लिहून ठरवावे. थांबण्याची जागा प्रार्थनास्थळासमोर असू नये आणि तेथे पिण्याच्या पाण्याची सोय असावी.

आवाजाचा हिशेब वेगळा मांडावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. आपल्या जिल्ह्यात यंदा कोणते दिवस शिथिल केले आहेत ते पोलीस ठाण्यातून आधी समजून घ्यावे. सवलत असो वा नसो, अजान, नमाज, आरती आणि कीर्तन यांच्या वेळा पट्टीवर लिहून त्या वेळी जवळून जाणाऱ्या मिरवणुकीने वाद्ये थांबवावीत, हे दोन्ही बाजूंच्या पथकप्रमुखांना लेखी द्यावे. अध्यक्षांना ठाऊक असते, पण ढोल वाजवणाऱ्या मुलाला कोणी सांगितलेले नसते. तणावाची सुरुवात पुष्कळदा तिथून होते.

बैठकीला कोणाला बोलवावे यावर बरेच अवलंबून आहे. पदाधिकाऱ्यांच्या जोडीने पालखीचे भोई, ताबूत उचलणारे, मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले, वीज मंडळाचे लाइनमन आणि त्या रस्त्यावरचे दुकानदार यांना बोलवावे. सांगली जिल्ह्यातील कडेगावसारख्या ठिकाणी ताबूत फार उंच असतात; तेथे विजेच्या तारांचा विचार केल्याशिवाय वेळापत्रकच करता येत नाही. आणि बैठक सणाच्या तोंडावर पहिल्यांदा होऊ नये. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या, त्या नियमितपणे भेटत राहिल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. सांगली जिल्ह्यातीलच गोटखिंडी येथे गणेशोत्सवात मशिदीत गणपती बसवण्याची प्रथा अनेक वर्षे चालू आहे. तेथे कोणताही योग आला तरी बोलणे शून्यापासून सुरू करावे लागत नाही, कारण माणसे वर्षभर एकमेकांशी बोलत असतात.

सुट्ट्यांची यादी करताना

राज्यातील सार्वजनिक सुट्ट्या परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली सामान्य प्रशासन विभाग जाहीर करतो. दोन सण एका तारखेला आले की शासकीय यादीतील एक सुट्टी कमी होते आणि तिची भरपाई सहसा मिळत नाही. दुकाने व खासगी आस्थापना यांना मात्र थोडी मोकळीक आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे कामगारांना वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आणि उरलेल्या चार मालक व कामगार यांच्या संमतीने. म्हणून संमतीच्या चार सुट्ट्या निवडण्यापूर्वी योगांचा कागद समोर ठेवावा. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या वर्षी संमतीच्या यादीत दसरा लिहिणाऱ्यांनी कामगारांची एक सुट्टी वाया घालवली. त्याऐवजी ईद, नाताळ किंवा १४ एप्रिलची आंबेडकर जयंती यांपैकी जो दिवस कामगारांना हवा असेल तो घ्यायला हवा होता. ही निवड नोव्हेंबर-डिसेंबरात, सर्व समाजांच्या कामगारांना विचारून करावी.

एक उदाहरण सोडवून पाहू: १५ ऑगस्ट २०२७

सर्व टप्पे एकत्र कसे वापरायचे हे पुढच्या एका योगावरून पाहता येईल. १५ ऑगस्ट २०२७ हा रविवार आहे. स्वातंत्र्य दिन तारखेने ठरलेला. पुढील लीप दिवस २०२८ च्या फेब्रुवारीत असल्याने २०२७ चे पारशी शहेनशाही नववर्षही त्याच दिवशी. कॅथलिक पंथीयांचा मरियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण दरवर्षी १५ ऑगस्टलाच असतो, म्हणून गोव्यात आणि वसईत चर्चमध्ये त्या सकाळी मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थनाविधी, असेल. २०२७ साली श्रावण रबिउल अव्वलशी जुळतो आणि नारळी पौर्णिमा १७ ऑगस्टला आहे. त्यामुळे ईद-ए-मिलाद चंद्रदर्शनानुसार १५ किंवा १६ ऑगस्टला येईल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पावसाळी ढगांमुळे कोर दिसण्यास अडचण येऊ शकते, म्हणून दोन्ही तारखा यादीत ठेवाव्यात.

वसईतील एखाद्या मोठ्या गृहनिर्माण संस्थेला या दिवसाची आखणी करायची आहे असे धरू. न हलणारे भाग पट्टीवर मांडले तर ध्वजारोहण, सकाळची मिस्सा, पारशी कुटुंबांचे अग्यारीत (अग्निमंदिरात) जाणे आणि ईद त्याच दिवशी आल्यास मशिदीतील प्रार्थना असे चार दिसतात. संस्थेचे ध्वजारोहण सकाळी लवकर आटोपले तर मिस्सेला व अग्यारीत जाणाऱ्यांना ते चुकवावे लागणार नाही; सभासदांना मिस्सेची वेळ विचारूनच ते निश्चित करावे. सांस्कृतिक कार्यक्रम, मुलांच्या स्पर्धा आणि सामुदायिक भोजन हा हलवता येणारा भाग आहे. तो सायंकाळी ठेवावा किंवा ईद १५ लाच असेल आणि जुलूस संस्थेच्या रस्त्याने जाणार असेल, तर आदल्या शनिवारी, १४ ऑगस्टला घ्यावा. सभागृहाची नोंदणी मात्र दोन्ही दिवसांची करावी आणि नको असलेला दिवस चंद्रदर्शनानंतर सोडून द्यावा. सामुदायिक भोजनाचा बेत श्रावण पाळणाऱ्या कुटुंबांमुळे शाकाहारी ठेवावा. वाहने उभी करण्याची जागा, पाहुण्यांची प्रवेशनोंद आणि उद्वाहनाची दुरुस्ती या गोष्टी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच पूर्ण कराव्यात, कारण चंद्रदर्शनाची बातमी आल्यावर हाती अकरा-बारा दिवसच उरतील. सूचनाफलकावर चारही प्रसंगांची नावे वेळेच्या क्रमाने लिहावीत आणि प्रत्येकासमोर त्या दिवशी जबाबदारी घेणाऱ्या सभासदाचा सदनिका क्रमांक द्यावा. जबाबदारी वाटताना ज्याचा सण आहे त्याच्याकडे त्या वेळेचे काम देऊ नये: मिस्सेच्या वेळी रखवालीची व्यवस्था हिंदू किंवा मुस्लिम सभासदाने पाहावी आणि जुलूसाच्या वेळी रस्त्यावरच्या मुलांना सांभाळण्याचे काम ख्रिस्ती किंवा पारशी कुटुंबाने घ्यावे.